देव्हाऱ्यातलं बूच

तुमच्या गावच्या तळ्याच्या मध्यभागी तुम्ही कधी गेला आहात का? काठावर बसून भेळ खाल्ली असेल, म्हशी धुतल्या असतील, बांधावर उभं राहून फोटो काढले असतील. ते सगळं मान्य. मी मधल्या पाण्याबद्दल विचारते आहे. तिथून गाव लहान दिसतं, देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी शेजारी शेजारी येतात, आणि काठावर कोण कुणाला काय बोललं ते स्पष्ट ऐकू येतं, कारण पाण्यावरून आवाज लांब जातो. नसालच गेला. बहुतेक कुणीच गेलेलं नसतं. धरणासाठी जमिनी आपल्या गेल्या, तळ्यातला गाळ आपण काढला, आणि पाण्यावर जायचं म्हटलं की ते कुणातरी श्रीमंताचं काम, असं आपण आपलं ठरवून टाकलं. हे मला मान्य नाही. मान्य नाही म्हणून जे करते, तेच माझं काम.

माझ्याकडे शिडाची एक बोट आहे. फायबरची, चार-पाच माणसं बसतील एवढी. नाव 'हाक'. गोव्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना गुडघ्यांमुळे ती झेपेना, तेव्हा ती माझ्याकडे घाट चढून आली. ही बोट पाण्यात मुक्कामाला राहत नाही. तिचा दोन चाकांचा ट्रेलर आहे. डोलकाठी आडवी करायची, बोट ट्रेलरवर ओढायची, जुन्या जीपला जोडायची आणि घरी आणायची. कोल्हापुरात उद्यमनगराच्या मागच्या आमच्या गल्लीत ती ताडपत्री पांघरून उभी असते. सुट्टीच्या दिवशी मी तिला तळ्यावर नेते आणि जो येईल त्याला वारा कसा धरायचा ते शिकवते. येतात कोण? इचलकरंजीचे यंत्रमागवाले, कॉलेजच्या मुली, एक निवृत्त कंडक्टर, आणि दोन सख्ख्या जावा. या जावा घरी एकमेकींशी बोलत नाहीत. बोटीत मात्र एकीच्या हातात सुकाणू आणि दुसरीच्या हातात शिडाची दोरी, म्हणजे बोलण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांच्या सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "आठवड्यातनं दोनदा न्हे की त्यास्नी."

नियम दोनच. अंगात जॅकेट असल्याशिवाय बोटीत पाय नाही, आणि बोटीत प्रवासी नाही. जो बसेल त्यानं दोरी ओढायची, वल्हं मारायचं नाहीतर पाणी उपसायचं. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं. नवरदेव म्हणाला, "आम्ही नुसतं बसणार, बोट तुम्ही चालवा." मी म्हटलं, दोरी धरा. त्यानं गॉगल काढून दोरी धरली. वाऱ्याचा झोत आला, त्यानं घाबरून दोरी सोडली, ती मुलीनं झडप घालून पकडली. फोटोत ती दात-ओठ खाऊन दोरी ओढते आहे आणि तो तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघतो आहे. लग्नाच्या मांडवात तोच फोटो मोठा करून लावला होता.

हा प्रवासी नसण्याचा नियम मला आप्पांकडून मिळाला, आणि गंमत म्हणजे आप्पाच या बोटीत पाय ठेवायला तयार नव्हते. आप्पा म्हणजे माझे वडील. उमेदीची वर्षं सगळी इचलकरंजीच्या मागावर गेली, आणि पाळी सुटल्यावरचा वेळ पत्रकं लिहिण्यात. आमच्या घरात वह्यांपेक्षा पत्रकं जास्त. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. पुढे 'कामगार बंधू-भगिनींनो', मागे माझा लसावि. मुलीचं नाव क्रांती ठेवण्याइतका हा माणूस ठाम होता. बोट गल्लीत आली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला.

"चैन हाय ही."

"आप्पा, आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, हे पत्रक कुणी लिहिलं?"

"मीच लिवलं."

"मग स्वतःच्या आठ तासांत माणसानं काय करायचं, ते कुठं लिहिलंय?"

"त्यात बोटीत बसायचं म्हणून बी न्हाय लिवलं."

आई आतून म्हणाली, "दोघं बी पत्रकं वाटा आन् जेवायला या."

असो. आधी बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावून सांगते. लोकांना वाटतं, बोट म्हणजे पाणी. पण बोट राखण्याचं बहुतेक काम कोरड्या जमिनीवर होतं, आणि निम्मं काम बोटीचं नसतंच, ट्रेलरचं असतं. तळ्यावर पोचलं की मी आधी चहा पिते. नव्या मुलांना वाटतं, ताई आळशी आहे. खरं कारण असं की इतक्या लांबून येताना चाकांची बेअरिंगं तापलेली असतात. ती तशीच थंड पाण्यात बुडवली की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. मग ग्रीस जातं, गंज येतो, आणि पुढच्या खेपेला चाक भर रस्त्यात अडून बसतं. माझं एकदा हातकणंगल्याच्या अलीकडे बसलं. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, कर्ण्यावर गाणी लावलेला. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं, खाली उतरला, ट्रेलरकडे बघितलं, वर बघितलं.

"पावणं, ऊस कुठाय?"

"ऊस नाही, बोट आहे."

"ते दिसतंय. पन कारखान्यात घेतील का?"

मग त्यानंच स्वतःचा जॅक काढला, चाक उतरवायला हात लावला आणि जाताना माझ्या ट्रेलरला मागे रात्री चमकणाऱ्या लाल चकत्या नाहीत म्हणून मलाच झापलं. त्याच्या स्वतःच्या ट्रॉलीलाही नव्हत्या. ते दाखवल्यावर म्हणाला, "आमचं सगळ्यास्नी ठाव हाय. तुमचं न्हवीन हाय."

दुसरं दुखणं मोटारीचं. शीड वाऱ्यावर चालतं, पण वारा पडला तर परत कसं यायचं? म्हणून बोटीच्या मागच्या फळीला एक लहान मोटार लटकवलेली असते. खाली पंखा, वर इंजिन, सुरू करायला ओढायची दोरी. ही मोटार वापरली नाही तर बिघडते आणि वापरली तर झिजते. आपल्या पेट्रोलमध्ये आता आपल्याच उसापासून केलेलं इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मोटारीत पडून राहिलं की बारीक भोकं चिकटानं बुजवून टाकतं. जिल्ह्याचा ऊस असा फिरून माझ्या मोटारीत येतो. म्हणून दर खेपेनंतर पेट्रोलची नळी काढायची आणि मोटार आपणहून बंद पडेपर्यंत चालवायची. ती कोरडी चालवली तर जळते, म्हणून घरी पाण्याचं पिंप भरून त्यात तिचा पंखा बुडवून चालवते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पिंपातलं पाणी उसळून शेजारच्या काकूंच्या वाळवणावर गेलं. त्या दारात आल्या, पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तळं घरी आणलंस व्हय?" आता मोटार लावायच्या आधी मी गल्लीत ओरडून सांगते. काकू पापड उचलतात आणि खुर्ची घेऊन बघायला बसतात.

या मोटारीच्या पंख्यात एक लहानशी पिन असते. मऊ धातूची. पंखा दगडावर आपटला की ही पिन तुटते, पंखा मोकळा फिरतो आणि आतले महागाचे गिअर वाचतात. माझ्या पिना संपल्या तेव्हा मी नमुना घेऊन बाळू मिस्त्रींकडे गेले. उद्यमनगरात त्यांचं लेथ आहे आणि आपण केलेली वस्तू परत दुरुस्तीला आलेली नाही, हा त्यांचा अभिमान आहे.

त्यांनी पिन चिमटीत धरली. "ह्यो काय माल हाय व्हय, ताई? बोटानं मोडंल."

"मोडायलाच पाहिजे, मिस्त्री. ती मोडते म्हणून गिअर वाचतात."

"म्हंजे मोडायसाठी वस्तू करायची?"

"हो."

"मी?"

त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि पिना केल्या कडक पोलादाच्या, वर पाणी देऊन. हातात ठेवताना म्हणाले, "आता मोटार मोडंल, पन पिन मोडायची न्हाय." तसंच झालं. दोन आठवड्यांनी दगड लागला. पिन जशीच्या तशी, चकचकीत, आणि आतल्या गिअरचे दात भाजलेल्या शेंगदाण्यासारखे सुटे. मिस्त्रींनी गिअर तर कुठूनतरी मिळवून बसवून दिला, शिवाय मऊ पितळेच्या मूठभर पिना करून दिल्या. वर अट घातली, "ह्या पिना कुणी केल्या ते सांगायचं न्हाय." मी आता सांगितलं आहे. मिस्त्री हा अंक वाचत नाहीत, पण त्यांच्या वहिनी वाचतात, तेव्हा ऐकून घ्यावं लागेल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिकडे येते.

बोट ट्रेलरवर असली तरी ती पाण्यात सोडायला काठावर उतार लागतो. सौम्य, पाण्यापर्यंत जाणारा, ज्यावरून ट्रेलर मागे ढकलत नेता येईल असा. शहरातल्या तळ्यात मला परवानगी मिळाली नाही. नदीत जलपर्णी. आणखी एका तळ्याला सुशोभीकरण म्हणून चहूबाजूंनी भिंत आणि रेलिंग घातलं. आता तिथं पाणी बघता येतं, पाण्याला हात लावता येत नाही. असं एकेक करत शेवटी एकच तळं उरलं. राधानगरीच्या बाजूच्या एका गावातलं, लहान धरणाचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावानंच 'लिवू नगा, रविवारी गर्दी हुती' म्हणून बजावलं आहे.

तिथं मासेमारी करणाऱ्यांची सोसायटी आहे आणि तिचे म्होरके शिवाप्पा. साठीचे, बोलायला मोजके. त्यांनी मला काठावर अडवलं. मोटारीच्या पंख्यानं पाण्यातली जाळी कापतात, तेलाचा तवंग येतो, हे त्यांचं म्हणणं. खरंच होतं.

"शीड चालंल," ते म्हणाले. "मोटार न्हाय. एकदा जरी वाजली, तर बोट परत गावात आनायची न्हाय."

"कबूल," मी म्हटलं.

"इचार करा."

"विचार काय करायचा? जाळी तुमची, पाणी सगळ्यांचं. कबूल."

पत्रकांवर वाढलेल्या माणसाचं हे असं असतं. अट घ्यायची तर पुरी घ्यायची, सवलत मागणं म्हणजे फितुरी. त्या एका शब्दावर माझा सगळा वर्ग उभा होता. तळं गेलं तर बोट गल्लीत ताडपत्रीखाली, आणि मागवाले, जावा, कंडक्टर सगळे आपापल्या घरी. मोटार मी तशीच मागे लटकवून नेत राहिले, पण तिची दोरी कधी ओढली नाही. वारा पडला की वल्ही मारत यायचं. खांदे दुखायचे, पण तळं राहिलं.

या गावची एक गोष्ट आहे. त्यांची जुनी शीव धरणात गेली. पूर्वी दसऱ्याला गाव वाजतगाजत ज्या दगडापर्यंत सीमोल्लंघनाला जायचं, तो दगड आता पाण्याखाली आहे. तेव्हापासून रस्त्याकडेच्या एका दगडाला शीव मानून काम भागवतात. गेल्या वर्षी सरपंच मंगलताई माझ्याकडे आल्या.

"किरांतीताई, औंदा खरी शीव वलांडूया की. तुमची बोट हाय, आन् शिवाप्पास्नी जागा ठाव हाय."

"चालेल. पण बोटीत प्रवासी नाही. दोरी ओढावी लागेल."

"दसऱ्याची नवी साडी नेसून?"

"साडीवर जॅकेट घालून."

त्यांनी पदर खोचला. "बरं. वढतो की."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी हत्यारं पुजतात. इचलकरंजीत माग बंद ठेवून धुऊन-पुसून पुजले जातात. आई पूर्वी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि खंडेनवमीला धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा धोटा घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायची. एकदा पुजलेलं हत्यार सीमोल्लंघन झाल्याशिवाय हलवायचं नाही, हा तिचा कायदा, आणि आमच्या घरात आप्पांच्या कायद्यापेक्षा तो वरचा. कोल्हापुरात आल्यावर धोटा गेला. मग आता पुजायचं काय? बोट.

त्या दिवशी मी बोट धुतली. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी अंगठ्याएवढं एक भोक असतं, त्याला पितळेचं बूच. धुताना बूच काढायचं, पाण्यात सोडण्याआधी लावायचं. ते विसरलं की बोटीत तळं शिरतं, म्हणून माझी एक पद्धत आहे. बूच काढलं की ते जीपच्या किल्लीच्या कडीत अडकवायचं. म्हणजे जीप सुरू करताना बूच हाताला लागतं. किल्लीला बूच दिसलं, तर ते बोटीत नाही. किल्लीला नाही दिसलं, तर ते बोटीत आहे. अनेक वर्षं ही पद्धत चुकली नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मी किल्ली घेतली. कडीत बूच नव्हतं. जीपला झेंडूचा हार होता, बोटीला हार होता, ट्रेलरच्या दोन्ही चाकांना कुंकू लावलेलं होतं. माझ्या मनानं म्हटलं, बूच लावलेलं आहे. आणि आम्ही निघालो. बोट सीमोल्लंघनालाच निघाली होती, म्हणून तिला आईच्या कायद्यातून सूट होती. आप्पाही होते, पण बोटीसाठी नव्हे. गर्दी जमणार म्हणून पत्रकं वाटायला. पिशवीत ताजी छापलेली गुलाबी पत्रकं, विषय मागावरच्या साप्ताहिक सुट्टीचा. त्या गावात एकही माग नाही. आप्पांना त्यानं फरक पडत नाही.

तळ्यावर अख्खं गाव. हलगी, ताशा. सरपंचबाई नव्या साडीत, हातात आरतीचं ताट, वर केशरी जॅकेट. शिवाप्पा पुढे बसले. एक जागा रिकामी होती. शिवाप्पांनी काठावरच्या आप्पांकडे बघितलं.

"आप्पा, पोरीच्या बोटीचा भरवसा न्हाय व्हय?"

"भरवशाचा प्रश्न न्हाय, तत्त्वाचा हाय."

"व्हय व्हय. पवायला येत न्हसंल."

एवढं पुरलं. आप्पा पिशवीसकट बोटीत येऊन बसले. मी त्यांच्या अंगात जॅकेट चढवलं तेव्हा त्यांनी पत्रकं छातीशी धरली, जॅकेटच्या आत.

वारा सुंदर होता. शीड भरलं, बोट कलली, पाणी बाजूनं खळखळत पळायला लागलं. सरपंचबाईंना दोरी दिली. पहिल्यांदा त्यांनी ती शेळीचं दावं धरावं तशी धरली, मग वाऱ्याची ओढ हाताला कळली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासाठी मी हा धंदा करते. "आवं, ह्ये जित्तं हाय की," त्या म्हणाल्या. आप्पांनी टोपी काढून मांडीखाली ठेवली होती.

बोट पळत असताना भोकातून पाणी आत येत नाही, उलट काठावर उभी असताना जे आत आलं असेल तेही वेगानं बाहेर खेचलं जातं. म्हणून कुणाला काही कळलं नाही. शीव थोडीच पुढं राहिली असताना, दिवस कलता, वारा पडला. शीड लोंबायला लागलं. बोट थांबली.

"माझ्या पायाला गार लागतंय," सरपंचबाई म्हणाल्या.

"पान्यावर गारच लागनार," शिवाप्पा म्हणाले.

"वारं न्हवं वो. पानी."

मी मागची फळी उचलली. गोल भोकातून झऱ्यासारखं पाणी आत येत होतं. मी त्यात अंगठा घातला.

"बूच कुठाय?" मी कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हटलं.

आप्पा म्हणाले, "पितळंचं? सा कोनी डोस्क्याचं?"

"हो."

"ते तुझ्या आईनं पुजलंय. किल्लीला काळं पडल्यालं दिसलं, तिनं चिंच लावून घासलं. देव्हाऱ्यात हाय. अंबाबाईच्या डाव्या अंगाला."

माझ्या पद्धतीत बुचाला दोनच जागा होत्या. किल्ली, नाहीतर बोट. देव्हारा ही तिसरी जागा मी धरलीच नव्हती.

माझा मोकळा हात मोटारीच्या दोरीवर गेला. हे सांगायला पाहिजे की जिवाला धोका नव्हता. बोटीच्या दोन्ही बाजूंना हवेचे बंद कप्पे असतात, पाण्यानं भरली तरी ती घंगाळासारखी तरंगत राहते, आणि जॅकेटं सगळ्यांच्या अंगात होती. पण सरपंचबाई, आप्पा, अर्धी बुडालेली बोट आणि काठावर अख्खं गाव. दोरी ओढली तर काही मिनिटांत काठ. आणि तळं कायमचं बंद. समोर जाळ्यांचे पांढरे तरंगे एका रांगेत दिसत होते. शिवाप्पा माझ्या हाताकडे बघत होते. मी मनात रेघ मारली. पाणी बसायच्या बाकाला लागलं की दोरी ओढायची. तोवर नाही.

"अंगठा काढ," आप्पा म्हणाले.

त्यांनी जॅकेटच्या आतून पत्रकांचा गठ्ठा काढला, त्यातली मूठभर पत्रकं मांडीवर घट्ट वळली, मागाच्या कांडीसारखी, आणि माझा अंगठा निघताच ती भोकात दाबून पिरगाळून बसवली. पाणी थांबलं नाही, पण झऱ्याचं ठिबकणं झालं. मग कागद भिजून फुगला आणि ठिबकणंही थांबलं.

"हलका कागद वापरतो म्हणून परत्येक बारीला नावं ठेवता," आप्पा म्हणाले. "भारी कागद फुगला असता का?"

आता आत आलेलं पाणी. बोटीतला डबा मी घेतला आणि उपसायला लागले. सरपंचबाईंनी ताटातली आपट्याची पानं पदरात घेतली, निरांजन शिवाप्पांच्या हातात दिलं आणि आरतीच्या ताटानं पाणी उपसून बाहेर फेकायला सुरुवात केली. उन्हं उतरली होती. पितळेचं ताट, वर उडणारं पाणी आणि केशरी जॅकेट. काठावर गावाला वाटलं, विधी सुरू झाला. हलगी दुप्पट वाजायला लागली. कुणीतरी 'चांगभलं' म्हणून आरोळी दिली. पाण्यावरून सगळं ऐकू येत होतं. एक बाई विचारत होती, "ह्ये पयल्यापास्नं हाय व्हय?" आणि एक म्हातारा ठासून सांगत होता, "पयल्यापास्नं. मधी बंद पडलं हुतं."

आम्ही चौघंही हसायला लागलो. शिवाप्पा हसताना मी प्रथमच बघितले. हातात निरांजन असल्यामुळे त्यांना नीट हसताही येत नव्हतं.

"परत वळूया," मी म्हटलं.

"शीव वलांडल्याबिगर?" सरपंचबाई उपसता उपसता म्हणाल्या. "वल्ही कुठायत?"

आप्पा आणि शिवाप्पांनी वल्ही घेतली. एक मागावरचा, एक जाळ्यावरचा, दोघांची लय जमेना. बोट आधी गोल फिरली. मग आप्पांनी मागाच्या ठेक्यावर 'खटाक-खट' म्हणायला सुरुवात केली आणि जमलं. शिवाप्पांची नजर काठावर होती. कळस आणि मोठी चिंच एका रेषेत आली तसं ते म्हणाले, "हितं. ह्याच्या खाली." सरपंचबाईंनी वाकून पाण्याला हात लावला. पदरातली आपट्याची पानं आम्हाला दिली, एक पाण्यात सोडलं. त्या गावातल्या त्या पिढीच्या सरपंचानं स्वतःच्या खऱ्या शिवेवर पहिल्यांदा हात ठेवला होता, आणि त्या वेळी ती प्रवासी नव्हती.

काठाला लागलो. बोट ट्रेलरवर ओढायला शिवाप्पांनी हात लावला. मग सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मोटार का लावली न्हाईसा?"

"शब्द दिला होता."

"शब्द रोजच्यासाठी घेतलावता. बुडायच्या दिसासाठी न्हवं."

"तसं तुम्ही म्हणाला नव्हता."

"तुमी इचारलं कुठं? कबूल, कबूल म्हनून मोकळ्या झालासा." मग ते गावाकडे वळले. "ह्याच्या पुढं बुडताना मोटार चालंल. कुनी आजारी पडलं तर चालंल. जाळं कापलं तर शिवून द्यायचं. हाय का मान्य?"

"कबूल," मी म्हटलं.

"ह्या बारीला इचार करून म्हनतासा न्हवं?"

केला होता. मला बाळू मिस्त्रींच्या पिना आठवल्या. दिलेल्या शब्दातही मऊ पितळेची एक पिन लागते, नाहीतर आतले दात जातात. मिस्त्रींना अशी पिन करणं कमीपणाचं वाटलं होतं आणि मलाही. तळं राहिलं, वर्ग राहिला. जाळं शिवायचं मी शिवाप्पांकडून शिकते आहे. माझे टाके बघून ते म्हणतात, "मासा हसून मरंल."

घरी आले तर आई दारातच. मी म्हटलं, "बूच कुठाय?"

"हाय की देवापाशी."

"किल्लीचं का काढलंस?"

"काळं पडल्यालं. आन् पुजल्यालं हत्यार मधीच कसं हलवायचं? सीमोल्लंघन झालं व्हय?"

आप्पा तिच्या मागून म्हणाले, "झालं. खऱ्या शिवंवर झालं." त्यांची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. आईनं त्या विजारीकडे बघितलं, मग देव्हाऱ्यातून बूच आणलं. सोन्यासारखं चकाकत होतं, वर हळद-कुंकू आणि आपट्याचं पान. ते माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "आता सोडा बोट." तेव्हापासून बूच सुताच्या दोरीनं बोटीलाच बांधलेलं आहे, आणि गाठ आईची आहे.

त्या गावात पुढच्या दसऱ्याला ताटानं पाणी उपसायचा मान कुणाचा, यावरून आत्ताच दोन भावक्यांत बोलणं बंद आहे. आप्पा बोट चैन आहे असं अजून म्हणतात, पण दर रविवारी मागवाल्यांची टोळी घेऊन तेच पुढे बसलेले असतात, खटाक-खट म्हणत.

आणि त्यांनी नवं पत्रक काढलं आहे, गुलाबी, हलक्या कागदावर. त्यातली मागणी तुमच्यासाठी आहे, म्हणून इथे मांडते. तुमच्या गावात तळं असेल, बंधारा असेल, नदीचा घाट असेल, तर येत्या ग्रामसभेला जा. शहरात असाल तर नगरसेवकाच्या दारात जा. हात वर करा आणि एकच विचारा: पाण्यापर्यंत जाणारा, सगळ्यांसाठी उघडा असा एक उतार आपण कुठे ठेवणार? भिंत बांधून झाल्यावर विचारून उपयोग नाही, आधी विचारा. मासेमारी करणाऱ्यांना सोबत घेऊन विचारा, त्यांची अट आधी ऐका. उतार मिळाला की मला कळवा. मी बोट घेऊन येते, आधी चहा पिऊ, मग तुमच्या तळ्याच्या मध्यावर जाऊ. तुम्ही फक्त दोरी धरायची तयारी ठेवा, आणि निघण्याआधी मला एकदा विचारा: बूच लावलंय का?